तीन नंबरचं यंत्र आणि पिंकी पडळघरे

आमच्या शाळेला यंदा पन्नास वर्षं होतात. त्यानिमित्त स्मरणिका निघते आहे. तिची कच्ची पानं समितीने माझ्याकडे तपासायला पाठवली. मी या शाळेत लिपिक होतो. तारखा आणि नावं माझ्या लक्षात राहतात, तेवढाच माझा उपयोग. बाविसाव्या पानावर पिंकी पडळघरेचा फोटो होता आणि खाली ओळ होती : 'शाळेच्या सुसज्ज संगणक कक्षात पिंकीच्या यशाचा पाया घातला गेला.'

ही ओळ खोटी आहे. त्या सुसज्ज कक्षाला कुलूप होतं, आणि किल्ली माझ्या खिशात होती.

मला लिहिण्याची सवय नाही. आयुष्यभर लिहिलं ते दाखले आणि आवक-जावक. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी मी मागे सरतो. पण त्या ओळीवर तांबडी रेघ मारून गप्प बसणं मला जमलं नाही. म्हणून जे घडलं ते तसंच लिहितो.

आमची वाडी पुण्याजवळ, घोटावड्याच्या अलीकडे, डोंगराच्या कडेला. दोन हजार आठ साली शाळेला पाच संगणक मिळाले. मुख्याध्यापकांनी एक खोली रंगवून घेतली, निळे पडदे लावले, पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिंप्याकडून यंत्रांना खोळी शिवून घेतल्या. दारावर पाटी लागली, 'पादत्राणे बाहेर काढावीत.' आणि मग कुलूप लागलं. तपासणीचे साहेब येणार असले की खोळी निघायच्या, पाच हुशार मुलं पाच यंत्रांपुढे बसायची. साहेब दारात दिसले की मुलांनी बटणं दाबायची, असं सांगून ठेवलेलं असायचं. यंत्रं बहुतेक वेळा बंदच असायची. एरवी संगणकाचा तास वर्गातच व्हायचा. गुरुजी फळ्यावर खडूने माऊस काढायचे, मुलं तो वहीत उतरवून घ्यायची.

पिंकी तेव्हा आठवीत होती. वडील भिवाजी पडळघरे म्हणजे वाडीतलं मोठं घर. शाळेचं मैदान त्यांच्याच जमिनीवर आहे. दोन वेण्यांतली एक सुटलेली, अशी ती एकदा कचेरीच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"भाऊसाहेब, त्या खोक्यांमधी एक पुस्तक आलं असंल न्हवं?"

"कसलं पुस्तक?"

"मिक्सर घेतला की पुस्तक येतं. ह्याच्यासंगं तर आलंच असंल."

आलं होतं. माझ्या कपाटात प्लास्टिकसकट पडलं होतं. यंत्राला हात लावायला बंदी होती, पुस्तकाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. मी ते दिलं. इंग्रजी पुस्तक. आठ दिवसांनी परत आलं तेव्हा पानापानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात अर्थ लिहिलेले होते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे विळा-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मुख्याध्यापक म्हणाले, "भाऊसाहेब, संगणकांची पूजा उरकून घ्या." मी सांगितलेलं काम मन लावून करणारा माणूस. पाचही यंत्रं ओल्या फडक्याने पुसली, फुलाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू कालवून बोटं ओढली, झेंडूच्या माळा घातल्या. मग टेबलावर दगड ठेवला आणि मधल्या, म्हणजे तीन नंबरच्या यंत्रापुढे नारळ फोडला. एकाच घावात फुटला. मला समाधान वाटलं. पाणी कुठे गेलं ते मी पाहिलं नाही.

दसरा झाला आणि चौथ्या दिवशी तपासणी. आदल्या दिवशी दुपारी मी यंत्रं चालू होतात का पाहायला गेलो. चार चालू झाली. तीन नंबरच्या यंत्राने लांब शिट्टी मारली आणि गप्प झालं. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा शिट्टी. नोकरीत एक ठपका आला नव्हता माझ्यावर.

शिट्टी ऐकून पिंकी दारात आली. चपला बाहेर काढून आत आली, वाकून बघितलं, नाकाने वास घेतला.

"भाऊसाहेब, तुमी ह्याला आंघोळ घातली व्हय?"

"पूजा केली."

"नारळ कुटं फोडला?"

मी बोटाने दाखवलं. ती टेबलाकडे पाहत राहिली, मग तोंडावर हात धरून इतकी हसली की खाली बसली. मला रडायला आलं होतं. तिनं ते पाहिलं असावं, कारण हसणं आवरून म्हणाली, "आधी पीन काढा भिंतीतली. मी घरनं स्क्रू ड्रायव्हर आनते."

विहिरीच्या मोटारीचा तो स्क्रू ड्रायव्हर होता. तिनं पत्रा उघडला. आत नारळाच्या पाण्याचे चिकट थेंब आणि त्यावर धूळ. कापसाने एकेक पुसून काढलं. एक लांबट पट्टी खाचेतून ओढून काढली आणि कंपासपेटीतल्या खोडरबराने तिची पितळी कड घासायला लागली.

"हे कुठं शिकलीस?"

"पिरंगुटला मोबाइलवाला घासतो तसं. मोबाइलचं बी दात असंच मळत्यात."

मग यंत्र उघडंच पायरीवर उन्हात ठेवलं. तिच्या अंगावर शाळेचा गणवेश, माझ्या हातात छत्री, कावळा येईल म्हणून. तासाभराने पट्टी बसवली, पत्रा लावला, बटण दाबलं. शिट्टी झाली नाही. पडद्यावर उजेड आला.

दुसऱ्या दिवशी तपासणी पार पडली. संध्याकाळी ती पुन्हा खिडकीशी.

"भाऊसाहेब, माझं एक काम हाय."

"बोल."

"रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास. त्या खोलीची किल्ली."

"ते जमणार नाही. सर काय म्हणतील?"

"मंग नारळाचं सांगू का सरांना?"

मी किल्ली दिली. पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आलो की पोरीतले गुण ओळखले म्हणून दिली. तसं नव्हतं. मी घाबरून दिली. स्मरणिकेत पाया म्हटलंय तो हा : नारळाचं पाणी आणि भ्यालेला कारकून.

दीड वर्ष ती रोज तीन नंबरच्या यंत्रापुढे बसली. दुसऱ्याला हात लावायची नाही. मी दाराशी खुर्ची टाकून हजेरीपट घेऊन बसायचो. कुणी आलं तर खोकायचं, असं ठरलं होतं. मुलं अशा यंत्रावर खेळतात असं मी ऐकलं होतं. ती खेळली नाही. पहिल्या महिन्यात तिनं यंत्राला बेरजा करायला लावल्या. दुसऱ्या महिन्यात मला बोलावून म्हणाली, "तुमचं नाव लिवा." मी एका बोटाने इंग्रजीत 'जनार्दन' टाइप केलं. यंत्राने लगेच खाली ओळ काढली, इंग्रजी अक्षरं पण मराठी बोलणं, "नमस्कार भाऊसाहेब, नारळ आणला का?" मला खुर्चीवरून उठून मागे पाहावंसं वाटलं, कुणी लिहितंय का म्हणून.

"हे यंत्र बोललं?"

"मी शिकवलं तसं बोललं. त्याला सोताचं डोकं न्हाई. पन सांगितल्यालं इसरत न्हाई."

त्या वर्षी नववीचं निकालपत्रक तिनं एका दुपारी करून दिलं. मला आठ दिवस लागायचे. मुख्याध्यापकांनी भरल्या कचेरीत माझी तारीफ केली. मी मान खाली घालून ऐकून घेतली. खरं सांगायची हिंमत झाली नाही. दोन दिवसांनी तिलाच सांगितलं, तर ती म्हणाली, "त्येचं काय न्हाई. पन भाऊसाहेब, चोरून बसायचा लई कंटाळा आलाय. मी काय चोरी केली? एक दिवस दार सताड उघडं टाकून बसनार बघा."

पिंकीला हवं होतं ते एवढंच. यंत्रापाशी बसायला मिळावं, आणि ते उघड मिळावं. पुढचं सगळं तिनं ह्यासाठी केलं.

दहावीच्या वर्षी एका शनिवारी तिनं खरंच दार उघडं टाकलं, पडदे सारले, खोळी घडी करून कोपऱ्यात ठेवल्या. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जात होते. आत आले.

"ही खोली कोणी उघडली?"

मी हजेरीपटात डोकं घातलं. पिंकीच बोलली. "मी उघडली सर."

"कोणाच्या परवानगीने? बिघडलं म्हणजे भरून देणार कोण?"

"सर, दोन वरसं झाली. झाकून ठिवून ते नवं ऱ्हायलंय का? चार नंबरच्यात उंदरानं घर केलंय."

मुख्याध्यापकांनी चार नंबरच्या मागे वाकून पाहिलं. खरंच होतं. कुलूप मात्र बदललं, आणि नवी किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात गेली. शाळेने पिंकीच्या यशाचा पाया घातला तो असा.

त्याच सुमारास भिवाजींनी घरी संगणक आणला. आणला तो थोरल्या मुलासाठी, कैलाससाठी. कैलास त्यावर गाणी उतरवायचा आणि मित्रांच्या मोबाइलमध्ये भरून द्यायचा. पिंकीनं हात लावायचा नाही. पण यंत्र अडकून पडलं की तो आतून हाक मारायचा, "ए पिंके, बघ गं काय झालंय." पाच मिनिटांत चालू व्हायचं, आणि बाहेर मित्रांना सांगायचा, "मी केलं नीट." ती ऐकून घ्यायची. त्या पाच मिनिटांत काय काय पाहायचं ते ठरवूनच ती बसायची. कधी कधी यंत्र फार लवकर पुन्हा अडकायचं. त्यामागे कोण होतं हे मी तिला विचारलं नाही.

दहावीला ब्याऐंशी टक्के पडले. पुण्याच्या तंत्रनिकेतनात संगणकाच्या पदविकेला नंबर लागण्यासारखा होता. शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. दाखले मीच लिहायचो. एका सकाळी भिवाजी आणि कैलास कचेरीत आले. भिवाजी बसले, कैलास दाराला टेकून उभा.

"भाऊसाहेब, पोरीचा दाखला कुनी मागाया आलं तर द्यायचा न्हाई."

"कोणी म्हणजे?"

"कुनी म्हंजी कुनी बी. ती सोता आली तरी. अकरावीला घालायची तवा मी येईन न्यायला."

"तिला पदविकेला जायचं आहे, असं म्हणत होती."

"आन् मग? शिकून हिंजवडीला कंपनीवाल्यांच्या दारात उभं ऱ्हायचं? त्या अंगाला आमच्या भावकीच्या जमिनी हुत्या. त्येंच्या गेटावर आमची पोरगी चाकरीला? मालकाची पोर हाय ती."

कैलास म्हणाला, "गळ्यात पट्टा घालून हिंडत्यात बघा ती मानसं. दावं बांधल्यागत."

दोघं हसले. मीही हसलो, हे सांगायला हवं. मला तसंच हसायची सवय होती.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई आल्या, पिंकीची आई. चपला हातात घेऊन कचेरीच्या दारात उभ्या राहिल्या. ज्या शाळेला घरचं मैदान दिलं तिच्या कचेरीत त्या प्रथमच आल्या होत्या.

"भाऊसाहेब, कागदावर पालक म्हंजी आय बी असती का, का नुस्ता बापच?"

वीसपेक्षा जास्त वर्षं मी तो रकाना भरत होतो. 'पालकाची सही' एवढंच छापलेलं असतं. तिथे बापाचीच सही असते म्हणून मला वाटायचं तसा नियमच आहे. मी नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला, दोनदा वाचलं.

"आईसुद्धा चालते," मी म्हणालो.

"मंग आना कागूद."

प्रौढांच्या वर्गात त्या नाव लिहायला शिकल्या होत्या. अर्जावर त्यांनी एकेक अक्षर कोरल्यासारखं काढलं. रेघ पुरली नाही, 'पडळघरे' समासात गेलं.

"वहिनी, घरी कळेल."

"कळू द्या की. मी काय चोरी केली?"

लेकीचेच शब्द होते ते. कोणी कोणाकडून घेतले, मला माहीत नाही.

मी दाखला लिहिला आणि मुख्याध्यापकांपुढे सहीला ठेवला. त्यांनी नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"भाऊसाहेब, काल भिवाजीराव येऊन गेले ना? मैदान त्यांचं आहे. विसरलात?"

"सर, पालकांचा अर्ज आहे. नियमाने आहे."

"ते मला कळतं. ठेवून द्या सध्या."

मी तिथेच उभा राहिलो. मी आयुष्यात वरिष्ठांना उलट बोललो नव्हतो, आणि पुढेही फारसा बोललो नाही. पण एवढ्या वर्षांच्या कारकुनीत एक वाक्य मी दुसऱ्यांच्या तोंडून पुष्कळ वेळा ऐकलं होतं. ते माझ्या तोंडून निघालं.

"सर, नाकारायचा असेल तर तसं लेखी द्या. मी अर्जदाराला कळवतो."

ज्यांनी सरकारी कागदांत दिवस काढलेत त्यांना ठाऊक आहे, तोंडी नाही म्हणणारा माणूस लेखी नाही म्हणत नाही. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग सही केली. शिक्का मी मारला. नेहमीपेक्षा जरा जोरात बसला.

ऑगस्टात संस्थेने माझी बदली धरणाजवळच्या शाखेत केली. कारण लिहिलं नव्हतं. तीन वर्षं एसटीने जाऊन-येऊन गुडघे गेले. मला काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. खूप वाटलं. पण तोच दाखला आज पुढ्यात आला तर तेच करीन.

पिंकी तीन वर्षं पुण्याला बसने गेली. भिवाजींनी तिच्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढ, पाणी दे, एवढंसुद्धा आईमार्फत. पदविका झाली आणि हिंजवडीतल्या एका छोट्या कंपनीत मुलाखत झाली. त्याची हकिगत तिनं मला धरणाजवळच्या शाळेत येऊन सांगितली. स्कूटीवरून आली होती, हातात पेढे.

"पहिल्यांदा नावावरनंच हसले, भाऊसाहेब. म्हणाले, पिंकी हे घरातलं नाव असेल, खरं नाव सांगा. मी म्हटलं, दाखल्यावर हेच आहे, आणि तो दाखला लई कष्टाने मिळालाय, त्यात बदल होणार नाही."

"मग?"

"मग विचारलं, दुसऱ्याने बनवलेलं सॉफ्टवेअर तुला तपासायला दिलं तर सुरुवात कुठून करशील? माझ्याआधीच्या पोरांनी पुस्तकातलं सांगितलं. मी तुमचा नारळ सांगितला."

"अरे देवा!"

"नाव नाही सांगितलं तुमचं. म्हटलं, यंत्र बनवणाऱ्याला वाटतं वापरणारा माणूस पुस्तक वाचून वापरेल. तसं होत नाही. वापरणारा भला माणूस असतो, मन लावून काम करतो आणि बरोबर मधोमध नारळ फोडतो. मी तपासताना तो माणूस डोळ्यांपुढे धरीन. साहेब उठून उभे राहिले हसता हसता. म्हणाले, कधी येतेस?"

म्हणजे माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या चुकीवर तिला नोकरी मिळाली. मी दोन पेढे खाल्ले.

वाडीत बोलणी व्हायची ती झाली. ती स्कूटीवरून भातखाचरांच्या कडेने निघाली की पारावरचे लोक ओरडायचे, "दावं नीट बांधलंय का गं?" ती गाडी थांबवायची, गळ्यातलं ओळखपत्र काढून पुढे धरायची. "बघा की, काका. गाठ माझीच हाय. सोडायची बी मीच." दोन-तीन स्थळं आली. नोकरी सोडावी लागेल म्हणाले, तिनं स्थळं सोडली. पुढचं विचाराल तर ते तिचं ती बघेल.

नोकरी करता करता तिनं पदवी घेतली, कंपनी बदलली. भिवाजींनी घरामागे बारा खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. सगळे भाडेकरू हिंजवडीत काम करणारे, परभणी-लातूरकडचे. कामं घरून चालत होती त्या वर्षीची गोष्ट. सौरभ नावाचा परभणीचा मुलगा नवीनच राहायला आला होता. एक दिवस टाकी भरून पाणी अंगणभर वाहायला लागलं. भिवाजी त्याच्या दारात गेले.

"मोटर कुनी चालू ठिवली? डोळं फुटलं का?"

"काका, सॉरी. मीटिंग चालू होती. मॅडम बोलत होत्या, मधेच उठता येईना."

"माझं पानी चाललंय वाया, आन् तू बाईला घाबरतुयास?"

"घाबरावंच लागतं, काका. त्यांनी तपासून हो म्हटल्याशिवाय आमचं कुणाचंच काम पुढं सरकत नाही. चौदा जण आहोत आम्ही त्यांच्या हाताखाली."

"कुटली हाय ही मॅडम? नाव सांग, मी बोलतो तिच्यासंगं."

"पिंकी पडळघरे."

सौरभला फक्त आवाज माहीत होता, मीटिंगमध्ये चेहरे दिसत नसत. आडनाव घरमालकाचंच आहे हे त्याच्या ध्यानात तोंडातून नाव निघाल्यावर आलं. दोघांनी एकदमच वर पाहिलं. वरच्या गॅलरीत पिंकी कानाला ते मीटिंगचं यंत्र लावून उभी होती आणि हाताने खुणा करत होती, मोटर बंद करा, मोटर बंद करा.

भिवाजींनी स्वतः जाऊन मोटर बंद केली. आणि दुसऱ्या दिवशी अंगणात कुणी मोठ्याने गाणी लावली तर म्हणाले, "ए, हळू. वर काम चाललंय." सौरभ ही गोष्ट अजून रंगवून सांगतो.

तरी एक गोष्ट राहिली होती. खंडेनवमीला पडळघऱ्यांच्या ओसरीवर हत्यारं मांडतात. नोकरी लागल्यापासून दर वर्षी पिंकी त्या रांगेत आपला लॅपटॉप ठेवायची, आणि दर वर्षी कैलास तो उचलून खाटेवर टाकायचा. "हत्यारांच्यात खेळनी नकोत." भिवाजी पाहून न पाहिल्यासारखं करायचे.

गेल्या वर्षी मला जेवायला बोलावलं होतं. ओसरीवर घोंगडी अंथरून विळे, कोयते, कुऱ्हाड, पहार, जुन्या नांगराचा फाळ मांडला होता. अंगणात कैलासचा जेसीबी हार घालून उभा. पिंकीनं विळा आणि पहारीच्या मधे लॅपटॉप ठेवला.

कैलास म्हणाला, "झालं सुरू. उचल गं ते. घाम गाळतंय त्येला हत्यार म्हनत्यात."

"तुझ्या जेसीबीवर डायव्हर बसतुया, दादा. घाम त्येचा. तू कदी बसलास?"

भाडेकरू पोरं दारात उभी होती, ती हसली. कैलासचं तोंड उतरलं. तो उचलायला वाकला.

"हात लावू नगंस," सगुणाबाई म्हणाल्या. मोठ्याने नाही. पण त्या घरात त्यांना असं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

सगळे भिवाजींकडे पाहायला लागले. त्यांच्या हातात कुंकवाचं ताट होतं. ते रांगेपुढे खाली बसले. पहिला विळा उचलला, उन्हात धरला. धारेवर गंज होता. खाचरं आता वाट्याने दिलीत, त्या घरातला विळा किती वर्षांत भाताला लागलेला नाही. कोयता उचलला, त्याचंही तेच. मग त्यांनी लॅपटॉप उघडला. मी शेजारीच होतो. बटणांवरची अर्धी अक्षरं झिजून गेली होती. नुसती काळी, गुळगुळीत बटणं.

"ह्येची अक्षरं कुटं गेली?" त्यांनी विचारलं. थेट तिला विचारलं. मधे आई नव्हती.

"वापरून घासली, आबा."

भिवाजी थोडा वेळ त्या बटणांवरून अंगठा फिरवत राहिले.

"ऱ्हाऊ दे रांगेत," ते कैलासला म्हणाले. "हितं झिजल्यालं ह्येच एक हाय."

कैलास बाहेर जाऊन जेसीबीचा हार उगाच सारखा करत बसला.

भिवाजींनी ताटातल्या पाण्यात बोट बुडवलं, तसे मी आणि पिंकी एकदमच ओरडलो, "कोरडं! कोरडं लावा!" त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि झाकणावर कोरड्या कुंकवाचं बोट ओढलं. मग नारळ हातात घेऊन रांगेकडे पाहिलं.

"आबा, नारळ तिकडं," पिंकी म्हणाली आणि जेसीबीकडे बोट दाखवलं.

त्या सकाळी तिचं यंत्र उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, विळ्या-कोयत्यांच्या रांगेत होतं. कुणी खोकलं नाही.

तर बाविसाव्या पानावरची ती ओळ मी खोडली आहे. समितीला माझं सांगणं एवढंच, की पिंकीबद्दल छापायचं असेल तर कुलुपासकट छापा. तिला विचारलं. ती म्हणाली, "कुलूप गाळणार असाल तर माझा फोटो पण गाळा." जागा कमी पडली तर माझं नाव काढलं तरी चालेल.

पानं परत द्यायला गेल्या आठवड्यात शाळेत गेलो होतो. नवीन इमारतीत नवीन संगणक कक्ष झालाय. काचेचं दार आहे, आतली यंत्रं बाहेरून दिसतात. यंत्रांवर खोळी होत्या. दाराला कुलूप होतं. दोन मुली काचेला नाक लावून आत पाहत होत्या.

ही खोली कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेत मुलांसाठी उघडी असते आणि किल्ली कोणाकडे आहे, हे मी विचारलं आहे. लेखी विचारलं आहे. अर्जाचा आवक क्रमांक घेतला आहे.